जुन्या लेन्सवर लांबचं शार्प का येत नाही: एक दशांश मिलिमीटरची भानगड

तर लक्षण असं. जुनी मॅन्युअल लेन्स अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी नळी) लावून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली, समोर बसलेला माणूस, चहाचा ग्लास, खिडकीतलं मांजर सगळं झकास येतंय, मागचं बॅकग्राउंड गरगरतंय, आपण खूश. मग रविवारी टेकडीवर गेलात आणि लांबचं काही घ्यायला गेलात की गाडी अडते. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी वाटत राहतं की अजून एवढीशी फिरली असती तर जमलं असतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की डोंगराची कड लोण्यासारखी. आणि मग आपण खापर फोडतो लेन्सवर, जुनीच आहे, रशियनच आहे, बुरशी असेल, वगैरे.

माझ्याकडे हे एकदा नाही तर तीनदा झालं, तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, आणि तिन्ही वेळा लेन्स निर्दोष होती. म्हणून सविस्तर लिहितोय.

लेन्स म्हणजे मामाच्या झेनिट-ई या जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्यावरची हेलिऑस ४४-२, ५८ मिमी एफ/२, एम४२ आट्यांची, म्हणजे ४२ मिमीच्या आट्यांनी पिळून बसणारी. (केएमझेड कारखान्याच्या लेन्सवर सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनवल्याचं साल असतं, मामाच्या लेन्सवर ७८ आहे, म्हणजे ती माझ्याहून मोठी.) बॉडी, म्हणजे कॅमेरा, सोनी ए७ थ्री. दुसरी एक २८ मिमीची एम४२ लेन्स जुन्या बाजारात घेतलेली, तिचा रोल पुढे येईल.

आधी फालतू कारणं काढून टाका, कारण निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

कॅमेरा क्लिकच करत नसेल, लेन्स नाही म्हणून बोंबलत असेल तर तो बिघाड नाहीये. साध्या अडॅप्टरला इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट नसतात त्यामुळे बॉडीला वाटतं पुढे काही लावलेलंच नाही. सोनीत आणि कॅननमध्ये 'रिलीज विदाउट लेन्स' अशा अर्थाचा पर्याय आहे, फुजीत 'शूट विदाउट लेन्स', तो चालू करा. मग मोड ए ठेवा नाहीतर एम, कारण ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक (एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), आता तुमच्या हातात आहे, कॅमेऱ्याच्या नाही.

दुसरं, स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी सेन्सर हलवून फोटो स्थिर ठेवायची सोय. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला फोकल लेंग्थ माहीत लागते, ती हाताने भरावी लागते आणि आपण लेन्स बदलली की ती बदलायला हमखास विसरतो. काल १३५ लावली होती आणि आज २८ लावून निघालात, आकडा १३५ च राहिला, तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सेन्सर हलवतो आणि फोटो हलल्यासारखा येतो, आपल्याला वाटतं फोकस गेला. आणि हो, तिथे लेन्सवर छापलेला आकडाच भरायचा. फुजीवर किंवा कुठल्याही क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ५८ ला दीडने गुणून ८७ भरणारे मी बघितलेत, तसं नाही करायचं, ५८ म्हणजे ५८.

तिसरं, पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवायची सोय. ते लाल-पिवळे ठिपके एफ/२ ला फार थापा मारतात. ते फक्त सांगतात की इथे कडा ठळक आहे, शार्पपणाची खात्री देत नाहीत. एका बटणावर फोकस मॅग्निफायर लावून घ्या आणि मोठं करून बघा. नव्या लेन्सवर रिंग फिरवली की चित्र आपोआप मोठं होतं, इथे कॅमेऱ्याला रिंग फिरल्याचं कळतच नाही म्हणून बटण दाबावंच लागतं.

चौथं म्हणजे ऊन. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पाच किलोमीटरवरचं काहीही कुठल्याही लेन्सने शार्प येत नाही, हवा तापून थरथरत असते. टेस्ट सकाळी लवकर करा, शक्यतो आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर सोन्याहून पिवळं.

आणि एक ४४-२ साठी खास. तिला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात, एक आकडा धरून ठेवायची आणि एक पाती (भोक लहान-मोठं करणारी) उघडझाक करायची. पहिली रिंग एफ/२ वर असेल तर दुसरी कितीही फिरवा, पाती हलणारच नाहीत, आणि माणूस म्हणतो ॲपर्चर जाम आहे. पहिली एफ/१६ वर न्या आणि मग दुसरी फिरवा, पाती हलली तर काही बिघडलेलं नाही.

हे सगळं करून झालं आणि तरी डोंगर लोणीच, तर मग पुढे वाचा.

लेन्सच्या मागच्या टेकणीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला (लेन्स बॉडीवर बसवायच्या पद्धतीला) ठरलेलं असतं. एम४२ ला ते ४५.४६ मिमी. सोनी ई ला १८, फुजी एक्स ला १७.७, निकॉन झेड ला १६, कॅनन आरएफ ला २०. मधली जी पोकळी राहते ती भरणं एवढंच अडॅप्टरचं काम, म्हणजे एम४२ ते सोनी हा अडॅप्टर बरोबर २७.४६ मिमी जाड पाहिजे. काच नाही, मोटर नाही, नुसती धातूची नळी. म्हणून आपण म्हणतो नळीत काय बिघडणार, आणि सगळ्यात स्वस्त असेल ती घेतो, मीही तेच केलं.

आता गंमत बघा. अडॅप्टर ०.१ मिमी जाड निघाला तर लेन्स सेन्सरपासून तेवढी लांब बसते, म्हणजे रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या खुणेवर टेकली तरी लेन्स प्रत्यक्षात त्याच्या अलीकडे कुठेतरी बघत असते. कुठे, तर ढोबळ हिशोब असा की फोकल लेंग्थचा वर्ग करा आणि जाडीतल्या चुकीने भागा. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ०.१, म्हणजे ३३,६४० मिमी. साधारण साडेतेहतीस मीटर. त्यापलीकडे ही लेन्स जाऊच शकत नाही! रस्त्यापलीकडची बिल्डिंग येईल, त्यामागचा डोंगर नाही. हाच अडॅप्टर २८ मिमीच्या लेन्सला लावला तर ७८४ भागिले ०.१, पावणेआठ मीटरवर खेळ खलास. आणि १३५ ला लावला तर १८० मीटरच्याही पुढे जातो. म्हणून एकाच अडॅप्टरवर एकाची टेलिफोटो मस्त चालते आणि दुसऱ्याची वाइड बोंबलते, आणि दोघं भांडत बसतात की अडॅप्टर चांगला की वाईट. दोघंही खरं बोलत असतात.

एफ/८ ला सगळं ठीक येतं मग, असं म्हणणारे असतात. बरोबर आहे, येतं. ०.१ मिमीच्या चुकीने होणारा धुरकट ठिपका म्हणजे ती चूक भागिले एफ नंबर. एफ/२ ला ०.०५ मिमी म्हणजे ५० मायक्रॉन, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, म्हणजे आठ पिक्सेलचा लगदा. एफ/८ ला साडेबारा मायक्रॉन, जेमतेम दोन पिक्सेल, सहज खपून जातं. म्हणून दिवसा फिरताना कळत नाही आणि संध्याकाळी एफ/२ उघडलं की गोंधळ सुरू.

टेस्ट कशी करायची. मी पुण्यात राहतो, त्यामुळे माझी इन्फिनिटी म्हणजे सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर. पर्वतीवरून सरळ रेषेत १५ किलोमीटरपेक्षा जास्त भरतो, बारीक उभी आकृती मोकळ्या आकाशावर, फोकस तपासायला याहून चांगलं काही नाही. तुमच्याकडे मोबाइलचा लांबचा टॉवर, समुद्रावर उभं असलेलं जहाज, काहीही चालेल, पण किमान एक-दोन किलोमीटर हवं. काहीच नसेल तर चंद्र आहेच, सगळ्यांना सारखाच लांब. ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, ॲपर्चर पूर्ण उघडं, मॅग्निफायर लावून रिंग हळूहळू इन्फिनिटीकडे न्या. टॉवर शार्प होऊन परत किंचित बिघडला तर अडॅप्टर पातळ आहे, घाबरू नका. शेवटपर्यंत सुधारतच राहिला आणि रिंग टेकली तर अडॅप्टर जाड आहे, किंवा लेन्स नीट बसलेली नाही.

ते नीट बसलेली नाही प्रकरण आधी तपासा कारण फुकट आहे. वहीच्या कागदाची पट्टी घ्या आणि लेन्सची टेकणी आणि अडॅप्टरची कड यांच्यामध्ये घालून बघा. कुठूनही आत शिरता कामा नये. शिरली तर लेन्स मध्येच कुठेतरी अडकलीये, आटे पूर्ण बसायच्या आधीच. आट्यात वाळू, जुनं ग्रीस, घासलेल्या पितळेचा चुरा, काहीही असू शकतं. जुना टूथब्रश आणि थोडं आयसोप्रोपिल, आणि हे काम अडॅप्टर बॉडीवरून काढून करायचं, सेन्सरच्या तोंडावर नाही.

मग येतं व्हर्नियर. डिजिटल व्हर्नियर आता बऱ्याच जणांकडे असतो, ०.०१ पर्यंत आकडा दाखवतो पण त्यातल्या शेवटच्या एक-दोन घरांवर फार विश्वास नको. मोजायचं काय, तर लेन्स जिथे टेकते ती पुढची कड ते बॉडीला जी टेकते ती मागची पाटी. मागे बॉडीत शिरणारी जी पाकळ्यांसारखी पानं असतात ती धरून मोजलं तर आकडा चुकणार. गोल फिरवत तीन ठिकाणी मोजा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीनदा. माझा एक मित्र भोसरीला एमआयडीसीत वर्कशॉपमध्ये आहे, त्याच्याकडच्या मायक्रोमीटरवर माझे दोन्ही अडॅप्टर मोजून घेतले. पहिला भरला २७.५६. म्हणजे बरोबर एक दशांश जाड. तो मित्र मला म्हणाला, अरे आमच्याकडे एवढ्या फरकाचा जॉब आला तर रिजेक्टच्या डब्यात जातो. दुसरा भरला २७.३०.

दुसरा पातळ का, तर बहुतेक बनवणारे मुद्दामच थोडा पातळ ठेवतात. पातळ असला की लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पुढे जाते, गिऱ्हाईक रिंग जरा मागे घेतं आणि टॉवर शार्प होतो, तक्रार येत नाही. जाड असला की परत येतो. व्यवहार म्हणून ठीक आहे, पण त्यालाही किंमत आहे. माझ्या ०.१६ मिमी पातळ अडॅप्टरवर ५८ ची लेन्स २१ मीटरच्या खुणेवर आली की इन्फिनिटी शार्प, ते चालतं. पण २८ ची लेन्स पाच मीटरच्या खुणेवरच इन्फिनिटीला पोचते! म्हणजे लेन्सवरचे अंतराचे आकडे आणि त्याखालच्या डेप्थच्या, म्हणजे कुठून कुठपर्यंत शार्प येईल ते सांगणाऱ्या रेघा, ज्यांच्यासाठी रस्त्यावर फोटो काढणारे लोक जुनी वाइड घेतात, त्या सगळ्या रद्दी. शिवाय ज्या वाइड लेन्समध्ये जवळ फोकस करताना आतले काचांचे गट एकमेकांपासून वेगळे सरकतात, निकॉनच्या सीआरसीवाल्या लेन्ससारख्या, त्यांना इन्फिनिटीचं चित्र जवळच्या सेटिंगवर काढायला लावलं की कोपरे बिघडतात. लोक म्हणतात जुन्या वाइडचे कोपरे असेच असतात. असतातही, पण सगळा दोष तिचा नसतो.

आता दुरुस्ती. इथे मी आधी माती खाल्ली ते सांगतो.

जाडवाला अडॅप्टर घासून बारीक करू म्हटलं. काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर चिकटवला, बॉडीकडची पाटी चार स्क्रू काढून सोडवली, तिची टेकणी आठाच्या आकड्यात गोल गोल घासली, पाणी टाकून, अगदी व्हिडिओत दाखवतात तसं. मोजलं तर सरासरी बरोबर आली, २७.४६, मी उड्या मारल्या. लावून बघितलं तर टॉवर शार्प आणि उजवीकडचं सगळं गेलेलं. हाताचा जोर एका बाजूला पडला होता, एक कड दुसरीपेक्षा ०.०४ मिमी खाली. एफ/२ ला तेवढं म्हणजे वीस मायक्रॉन, तीन-साडेतीन पिक्सेल, बघायला पुरेसं. तो अडॅप्टर आता विजेच्या बिलांवर पेपरवेट म्हणून बसलाय. घासायचं असेल तर लेथवाल्याकडून एक हलका कट मारून घ्या, हाताने नको.

जाड अडॅप्टरवर दुसरा उपाय लेन्समध्ये करता येतो. हेलिऑस ४४-२ च्या फोकस रिंगवर तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल केले की रिंग आतल्या हेलिकॉइडपासून (फोकस करताना लेन्स पुढे-मागे नेणारी आट्यांची नळी) सुटी होते, मग लेन्सचं पोट टॉवरला शार्प होईल तिथे नेऊन रिंग इन्फिनिटीच्या खुणेवर आणायची आणि स्क्रू परत आवळायचे. सोपं आहे, अर्धा तास. फक्त हेलिकॉइड पूर्ण उघडून बाहेर काढू नका, त्याच्या आट्यांना एकापेक्षा जास्त सुरुवाती असतात, कुठून सुटला ते पेन्सिलने खूण केली नसेल तर परत लावताना रात्र जाते. पण मी हे केलं नाही, कारण लेन्स मामाची आहे आणि त्याला ती अजून झेनिटवर लावायची असते, आणि झेनिटवर ती बरोबर आहे. ते कसं कळलं, तर झेनिटचं मागचं दार उघडलं, शटर बी वर, बोट दाबून धरलं, फिल्म जिथे बसते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपरचा ताणलेला तुकडा आणि वर नाणी बघायचं भिंग. इन्फिनिटीच्या खुणेवर टॉवर व्यवस्थित दिसला. एक दशांशाचा फरक यात पकडता येईलच असं नाही, पण लेन्स ढोबळमानाने जागेवर आहे एवढं नक्की कळतं. जी लेन्स तिच्या घरी ठीक आहे तिला दुसऱ्याच्या घरासाठी कापायची नाही, चूक अडॅप्टरची आहे तर अडॅप्टरच बदला नाहीतर सुधारा.

आणि सुधारायला पातळ अडॅप्टर कधीही बरा, कारण त्यात घालता येतं. बॉडीकडची पाटी चार स्क्रूंवर असते, ती काढायची, खाली पॅकिंग टाकायचं आणि परत बसवायची. ब्रास शिमची पट्टी ०.१ मिमीची मिळते, वर बारीक हिशोबासाठी पोळ्या गुंडाळायचा फॉइल, तो एका पदराला साधारण ०.०१ मिमी भरतो. मला ०.१६ पाहिजे होतं पण मी ०.१४ टाकलं, मुद्दाम ०.०२ पातळ ठेवला, कारण अगदी काटेकोर केला आणि उन्हात लेन्स तापून किंचित फुगली की इन्फिनिटी हातची जाते. पॅकिंग कात्रीने कापू नका, कड दुमडते आणि तिथेच जाडी वाढते, नवं ब्लेड वापरा आणि स्क्रूची भोकं सुईने पाडून मग काठ दाबून सपाट करा. स्क्रू आवळताना गाडीच्या चाकासारखे समोरासमोरचे, थोडे थोडे. आता २८ ची लेन्सही चाळीसेक मीटरच्या जागी इन्फिनिटीला पोचते, म्हणजे खुणेला चिकटूनच.

झालं, असं वाटलं. दोन महिने छान गेले. आणि मग एका लग्नात, बाहेर लॉनवर, लांबचा मांडव परत लोणी.

मी पुन्हा पॅकिंग उघडलं, मोजलं, बरोबर. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. डोक्याला ताप नुसता. शेवटी लक्षात आलं ते लेन्स फिरवताना, फोकसची रिंग घट्ट झाली की सगळी लेन्सच एवढीशी गरकन फिरत होती. एम४२ च्या बऱ्याच अडॅप्टरमध्ये आट्यांची रिंग वेगळी असते आणि ती बाजूने तीन बारीक ग्रब स्क्रूंनी धरलेली असते. कारण आटे आहेत म्हटल्यावर लेन्स आवळल्यावर खूण वर येईलच असं नाही, ती तीन स्क्रू सैल करून वर आणता यावी म्हणून ही सोय. सोय चांगली आहे पण लेन्स शंभरदा लावून काढून हे स्क्रू सैल होतात, आणि सैल झाले की आतली रिंग केसभर बाहेर उचलली जाते. केसभर म्हणजे किती, तर तुमच्या दुर्दैवाने बरोबर ०.०५ ते ०.१ मिमी. आपण पॅकिंगमध्ये कमावलेलं सगळं तिथे गेलं. हे दुखणं परत परत येतं ते याच्यामुळे, आणि माझ्या मते दर चारातल्या दोन जणांचं पहिलं कारणही हेच असणार.

उपाय: लेन्स काढा, अडॅप्टर काढा, आतली रिंग दोन्ही अंगठ्यांनी दाबून पूर्ण खाली बसवा आणि दाबून धरूनच तिन्ही स्क्रू आळीपाळीने आवळा. यासाठी कुणीतरी दुसरं माणूस लागतं, माझ्याकडे आईने धरलं. घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर नाहीतर अगदी बारीक ॲलन की, जे डोकं असेल ते, आणि नीट मापाचंच, कारण डोकं गोल झालं की संपलं. वर नेलपॉलिशचा एक ठिपका. फेव्हिक्विक नको, कधीतरी उघडावं लागणार आहे. त्यानंतर लेन्स जोरात पिळून लावायची सवय सोडा, टेकली की थांबा.

ज्यांच्याकडे ४४-२ नाही तर ४४एम किंवा नंतरच्या ऑटो ॲपर्चरच्या एम४२ लेन्स आहेत त्यांना आणखी एक वळसा. या लेन्सच्या मागे एक पिन असते, ती दाबली की पाती बंद होतात. काही अडॅप्टरमध्ये आत एक कड असते, ती ही पिन कायम दाबून ठेवते, काहींमध्ये नसते. लेन्सवर ए-एम बटण असेल, जसं सुपर-टाकुमारला असतं, तर बिनकडेचा घ्या, बटण एम वर ठेवा आणि सुखी राहा. बटण नसेल तर कडेचा घ्यावाच लागतो, नाहीतर लेन्स कायम पूर्ण उघडी, आणि आपण एफ/८ ठेवलं समजून एफ/२ वर काढत राहतो, मग फोटो जळतात किंवा अर्धा माणूस फोकसच्या बाहेर. पण कडेच्या अडॅप्टरमध्ये काही लेन्सची पिन गरजेपेक्षा जास्त दाबली जाते, पाती जाम होतात किंवा इन्फिनिटीजवळ रिंग अडखळते, किंवा लेन्सचं बूड त्या कडेवरच टेकतं आणि पूर्ण बसतच नाही. तिथे ती कागदाची पट्टी परत कामाला येते. अडखळत असेल तर जोर लावू नका, पिन वाकली तर मग खरंच दुरुस्तीवाल्याकडे जावं लागेल.

कॅननच्या जुन्या एफडी लेन्सवाल्यांचं वेगळंच. त्यांच्या अडॅप्टरवर लॉक-ओपन अशी एक रिंग असते, लेन्स लावताना ओपन, लावल्यावर लॉक. विसरलात तर ॲपर्चर रिंग टकटक फिरते आणि आत काहीच होत नाही. लेन्सच्या पुढून डोकावून पाती हलतायत का बघा, दोन सेकंदांचं काम.

एम३९ लिहिलेलं काही घेताना मात्र जरा थांबा. जुने झेनिट आणि लायका पद्धतीचे रेंजफाइंडर, दोन्ही ३९ मिमीच्या आट्यांचे, पण झेनिटची टेकणी सेन्सरपासून साधारण ४५ मिमीवर आणि लायकाची २८.८ वर. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर मजेत बसते आणि मग जवळ, लांब, कुठेच काहीच फोकस होत नाही, कारण ती सोळा मिमी आत गेलेली असते. बिघडलेली नाही, एम३९ ते एम४२ ची बारकी रिंग आणि एम४२ चा अडॅप्टर घ्या.

आरशाच्या डीएसएलआरवर लावणाऱ्यांसाठी एवढंच, कॅनन ईएफ चं अंतर ४४ असल्यामुळे एम४२ ला जागा आहे, निकॉन एफ चं ४६.५ असल्यामुळे नाही. निकॉनवर साध्या रिंगने ५८ ची लेन्स सव्वातीन मीटरच्या पुढे जाणारच नाही, आणि काचवाला अडॅप्टर लावला तर इन्फिनिटी मिळते पण ती काच स्वस्त असली की उघड्या ॲपर्चरला दुधट चित्र येतं. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

फोटोची एकच बाजू जात असेल तर अडॅप्टर की लेन्स हे शोधायची युक्ती: सपाट भिंतीसमोर, विटांची असेल तर उत्तम, ट्रायपॉडवर एक फोटो. मग ते तीन ग्रब स्क्रू सैल करून आतल्या रिंगसकट लेन्स अर्धा वळसा फिरवा, आवळा, दुसरा फोटो. खराब बाजू लेन्सबरोबर फिरली तर लेन्सच्या काचा सरकल्यात, जागेवरच राहिली तर अडॅप्टर नाहीतर बॉडीचा माउंट तिरका. अडॅप्टर बॉडीवर हलत असेल, म्हणजे लेन्स धरून डावी-उजवीकडे हलवली की टिकटिक आवाज येत असेल, तर बॉडीतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना हात लावू नका, अडॅप्टरच बदला.

दूधट चित्र, म्हणजे शार्प आहे पण सगळ्यावर पांढरा पडदा, हे फोकसचं नाही. अडॅप्टरच्या आत डोकावा, बऱ्याच वेळा आतून चकचकीत काळा असतो आणि आभाळाचा उजेड तिथून उडून सेन्सरवर पडतो. मॅट काळा रंग किंवा काळा मखमली कागद आतून चिकटवा, धागे सुटणार नाहीत असा, आणि फरक बघा, मला तरी बॅकलाइटमध्ये मोठा फरक दिसला. तरीही राहिलं तर लेन्स मोबाइलच्या टॉर्चवर धरून आरपार बघा, धुकं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसेल. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेली लेन्स दोन सीझनमध्ये बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि बारका हायग्रोमीटर टाकून ४०-५० टक्क्यांत ठेवा. चामड्याच्या जुन्या केसमध्ये तर बिलकुल नको, ओल तिथेच बसते. काच पिवळी दिसत असेल, सात काचांच्या टाकुमार ५० एफ/१.४ सारखी, तर ती बुरशी नाही, काचेत थोरियम आहे आणि वर्षानुवर्षांनी ती पिवळी पडते, काही आठवडे उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवली की बरीच उतरते. उन्हात ठेवताना भिंगाने घर पेटणार नाही ना तेवढं बघा, मागे आरसा किंवा फॉइल ठेवा, खाली लाकूड-कागद नको.

माझी सध्याची स्थिती: पातळ अडॅप्टर, ०.१४ चं पॅकिंग, तीन नेलपॉलिशचे ठिपके, मरून रंगाचे कारण घरात तेच होतं. ठिपका तडकला की समजायचं स्क्रू हलला, म्हणून बाहेर पडताना आधी तो बघतो. गेल्या आठवड्यात पर्वतीवरून टॉवर परत एफ/२ ला काढला, त्याच्या दोऱ्यांसारख्या तारा मोजता येतायत. मामाला दाखवला तर तो म्हणाला, छान आहे, पण माझी लेन्स कधी परत देतोस.